फिरंगीण

डोंबिवलीकडच्या मानपाड्याच्या अलीकडे, भातशेतांच्या मधोमध बसलेल्या एका पाड्यात काळुराम भोईराचं घर होतं. घरामागे विहिरीला लागून द्राक्षाची एक जुनी वेल होती. पाड्यात तिला कुणी द्राक्षाची वेल म्हणत नसे. ती फिरंगीण. "फिरंगीण छाटली का रं?" असं घरातल्या एखाद्या बाईबद्दल बोलावं तसं तिच्याबद्दल बोलत.

ती आली कुठून, याची हकीकत भोईरांच्या घरात थोडकीच होती. काळुरामचा पणजा राघो ठाण्याला एका पाद्र्याच्या बागेत माळीकाम करायचा. पाद्री म्हातारा झाला आणि आपल्या मुलखाला परत निघाला, तेव्हा त्यानं राघोला चार काड्या कापून दिल्या. म्हणाला, ही माझ्या गावची वेल, गलबतातून आणलेली. तिकडे हिला डोंगराच्या उतारावर दगडांत लावतात. पाणी कमी दे, लाड करू नकोस. ठाण्यातली मूळ वेल पुढे रस्त्यात गेली. राघोच्या चार काड्यांतली एक विहिरीपाशी जगली. आता तिचं खोड माणसाच्या मांडीएवढं झालं होतं आणि साल लांब धाग्यांनी सुटून लोंबत असे.

ते खायचं द्राक्ष नव्हतं. मणी करवंदाएवढे, निळसर काळे, साल जाड, बी मोठं. चव आधी गोड लागे, आणि मग कच्च्या सुपारीसारखी जीभ ओढून धरी. बाजारातलं काळं द्राक्ष फोडलं तर आत पांढरंच निघतं. फिरंगीण आतूनही लाल होती. तिचा डाग धोतरावरून जात नसे, बोटांवरून चार दिवस हलत नसे. कोकणच्या दमट हवेत द्राक्षाची पानं करपतात, तशी हिचीही करपायची. पण दसऱ्यानंतर काळुरामनं तिला मुळीच दयामाया न दाखवता छाटलं आणि बुंध्याशी सुक्या मासळीचा कुटा पुरला, की ती पुन्हा उठायची. फाल्गुनात घड काळे पडायचे.

हे घड ठाण्याला पास्कूबाबांकडे जात. टेंभी नाक्यावरून तलावाकडे उतरताना त्यांचं कौलारू घर होतं. ख्रिस्ती माणूस, सत्तरीचा, पाठीत वाकलेला. त्यांच्या आजोबांपासून त्या घरात भोईरांच्या वेलीची वाईन होत असे. थोडी त्यांच्या देवळात जाई, बाकीची नाताळाला आणि घरातल्या लग्नांना.

"ही पहिल्या वर्षी भांडते, काळू," पास्कूबाबा म्हणायचे. "दुसऱ्या वर्षी रुसते. तिसऱ्या वर्षी बोलायला लागते. घाई केलीस तर शिव्याच ऐकशील."

टोपल्या उतरल्या, की ते जुन्या बरणीतला एक लहान पेला काळुरामला द्यायचे. काळुराम एरवी दारूला शिवत नसे. तो पेला मात्र ओसरीवर बसून हळूहळू संपवायचा. त्याला त्यात जांभळाचा वास यायचा, ओल्या लाकडाचा, तंबाखूच्या पानाचा. आपल्या परसातली ती भांडखोर बाई इथे येऊन एवढी शहाणी कशी होते, याचं त्याला दर वर्षी नवल वाटे.

मग दारूबंदी आली.

त्या फाल्गुनात पास्कूबाबांनी टोपल्या उतरूच दिल्या नाहीत. दारातच म्हणाले, "परत ने. घरात करायला बंदी झालीय. देवळाला लागेल ती परवान्यावर बाहेरनं येणार. माझ्याकडं एकच जुनी बरणी उरलीय, ती मी औषधासारखी ठेवलीय."

"आन मंग ह्याचा कं करू?"

"गुरांना घाल."

गुरांनी तोंड लावलं नाही. घड वेलीवरच पिकून फुटले, खाली चिखल झाला, गांधीलमाशा घोंघावू लागल्या. सगळ्या परसात आंबूस वास भरून राहिला. काळुरामची बायको सखुबाई विहिरीवर नाकाला पदर लावून जाई. काळुरामला ते बघवत नव्हतं. घरात धान्य कुजलं तर जेवढं वाईट वाटावं, त्याहून त्याला ते वाईट वाटत होतं.

काळुरामचा धाकटा भाऊ धाकू. बाप गेला तेव्हा तो रांगत होता, म्हणून काळुरामनंच त्याला वाढवला. आधी तो मिठागरावर होता, पण उन्हातलं काम त्याला सोसेना. आता तो ठाण्याला लाकडी सामानाच्या एका कारखान्यात कपाटांना पॉलिश मारायचा. हसरा, बोलघेवडा, सगळ्यांच्या कामाला धावणारा. पुढच्या वर्षी घड काळे पडले तेव्हा तोच म्हणाला, "दादूस, मना दे. मी करतंय."

"पोलीस न्हेतील."

"पाड्यातल्या पाड्यात कोन सांगतंय? हलदीला, बारशाला मानसांना कायतरी नको? नायतर कुजू दे अशीच."

काळुराम गप्प राहिला, आणि त्या गप्प राहण्याचा अर्थ धाकूनं बरोबर घेतला. पास्कूबाबांच्या घरी पाहिलेलं काळुरामनंच त्याला दाखवलं. द्राक्षं पायानं कशी तुडवायची, चोथा वर आला की दिवसातून दोनदा कसा खाली दाबायचा, बरणीचं तोंड फडक्यानं कसं बांधायचं. बायकोनं विचारलं तर म्हणाला, "येल वाया जात नाय, येवढाच."

पहिल्या वर्षाची दारू कडक आणि आंबट होती, पण प्रामाणिक होती. लोकांनी तोंड वाकडं करून प्याली आणि आणखी मागितली. धाकूची पाड्यात एकदम पत वाढली. दुसऱ्या वर्षी शेजारच्या पाड्यांतून माणसं येऊ लागली. एक वेल किती पुरणार? पण धाकूच्या बरण्या संपत नव्हत्या. काळुरामच्या हे लक्षात आलं होतं. एकदा त्यानं विचारलंही, "येवढी कशी रं व्हते?"

"पानी घालतंय, दादूस. फिरंगिनीचा रंग येवढा दाट, तिला कलत पन नाय."

काळुरामनं ते ऐकलं आणि सोडून दिलं.

त्रेपन्न सालच्या वैशाखात काळुरामच्या मुलीचं, शालूचं लग्न निघालं. मुलगा आंबिवलीकडचा, महिपत नावाचा, गवताच्या गाड्या करणारा, दांडगा आणि कामसू. लग्न भोईरांच्या दारात होणार होतं. आदल्या संध्याकाळी हळद झाली. ढोल वाजले, बायकांनी लग्नाची गाणी, धवले, म्हटले, धाकू कळशी घेऊन पंगतीतून फिरत राहिला. सगळ्यांत जास्त नाचला तो भिवा.

भिवा शेजारच्या घरातला, काळुरामचा लहानपणापासूनचा सोबती. फिरंगिणीचा मांडव दर दोन वर्षांनी दोघं मिळून नव्यानं बांधत. शालूला त्यानं खांद्यावर खेळवली होती. त्या संध्याकाळी तो पेल्यावर पेला रिचवत होता आणि सांगत होता, "आपली पोर चालली रं, आपली पोर चालली!"

दुसऱ्या दिवशी दुपारी वऱ्हाड आलं. मांडवात ऊन कडक होतं. भिवा सकाळपासून पोटाला हात लावून बसला होता. त्याला दोनदा उलटी झाली होती, पण रात्रीची जास्त झाली म्हणून लोक हसले. मंगलाष्टकं चालू असताना तो उठून उभा राहिला, डोळ्यांसमोर हात हलवला आणि मोठ्यानं म्हणाला, "येवढा धूर कोनी केलाय रं? काय दिसत नाय."

धूर कुठंच नव्हता.

त्याची बायको शेवंती त्याला हाताला धरून घरी घेऊन गेली. तांदूळ पडले, शालूचं लग्न लागलं. पंगत बसायच्या आधी पाड्यातली आणखी दोन माणसं डोळे चोळत होती. कुणी म्हणालं बाधा झाली, कुणी म्हणालं ऊन लागलं. शालूची पाठवणी घाईघाईनं उरकली. कल्याणहून डॉक्टर आणायला बैलगाडी गेली, ती परत येईपर्यंत भिवा संपला होता. त्याचा श्वास शेवटी शेवटी लोहाराच्या भात्यासारखा चालला होता, आणि डोळे उघडे असून तो शेवंतीला विचारत होता, "दिवा का नाय लावला?"

आणखी दोघं दुसऱ्या दिवशी गेले. तिघांनाही पाड्यानं लगेच जाळलं, कारण चौकीवर कळलं तर दारूबंदीचं लफडं सगळ्यांच्याच गळ्यात येणार होतं. तरी ते कळलंच. फौजदार येणार अशी बातमी आली, तेव्हा काळुराम गोठ्यात गेला. धाकू तिथं गव्हाणीपाशी बसला होता. त्यानं बरण्या केव्हाच फोडून खाचरात पुरल्या होत्या.

"कं घातलास?" काळुराम म्हणाला.

धाकू गव्हाणीतली काडी मोडत राहिला.

"धाकू, भिवाला अग्नी देवून आलोय मी. माझ्या पायाला अजून राख हाय. कं घातलास तुना तिच्यात?"

"पालिशचा स्पिरिट," धाकू म्हणाला. "जास्ती नाय, दादूस. आधीपन घालायचो. कोनाला काय झाला नाय. ह्या खेपेचा पिंप कनचा व्हता कोन जाने." मग तो रडायला लागला. "साध्या दारूत मिसलला तर नाकाला कलते. फिरंगिनीत काय कलत नाय. तिचा रंग, तिचा तोंड ओढून घेना... सगला झाकते ती."

काळुरामनं त्याला मारायला हात उचलला आणि तो तसाच राहिला. मागे दारात त्यांची आई, ठमाबाई, उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"त्याला फाशी देतील," ती म्हणाली.

"आये, तीन मानसा मेली."

"ती काय परत येनार? तू सांगलास तर तीनाची चार व्हतील." तिनं येऊन काळुरामचे पाय धरले. आईनं पाय धरलेले काळुरामला सोसेनात. तो मागे सरकला, ती गुडघ्यांवर पुढे आली. "लोका बोलतंत, येलीत विख व्हता. बोलू दे. येल काय तोंड उघडनार हाय? तू पन तसाच बोल."

पाड्यात खरंच तसं बोललं जात होतं. परकी वेल, आतून रक्तासारखी, गुरं तोंड लावत नाहीत, पाखरू बसत नाही. पिढ्यान्‌पिढ्या वाट बघत होती म्हणे. शेवंतीसुद्धा सुजलेल्या डोळ्यांनी विहिरीकडे बघत तेच म्हणत होती.

सखुबाईनं नवऱ्याला चुलीपाशी गाठलं. "भिवाभावजींच्या नावानं तुमी खोटा बोलाल?"

"मंग कं करू? पोराला हातानं वाढवलाय मी."

"भिवाभावजींनी शालूला वाढवली नाय?"

काळुराम चुलीपासून उठला. तो बाहेर गेला.

फौजदारानं वेलीखालीच खुर्ची मागवली. "कोणी केली ही दारू?"

"मी केली, साहेब," काळुराम म्हणाला.

"काय काय घातलं?"

"काय नाय. द्राक्षा. येल लय जुनी झाली, साहेब. ह्या वर्षी घड कुजले व्हते. बुंध्यातच विख भरला आसल."

"द्राक्षानं माणसं आंधळी होतात?"

"ही येगली जात हाय. फिरंग्यांची." हे बोलताना त्याच्या तोंडाला फिरंगीण खाल्ल्यासारखी कोरड पडली. "आमच्या घरात कोन खात नव्हता, साहेब. गुरा पन तोंड लावत नव्हती."

फौजदाराला पूर्ण पटलं असेल असं नाही. पण प्रेतं जळली होती, बरण्या नव्हत्या, पाड्यातली सगळी तोंडं एकच सांगत होती, आणि समोर एक माणूस गुन्हा कबूल करत होता. त्यानं पंचनामा केला. मग लोकांनीच मागणी केली, की वेल आत्ताच्या आत्ता काढा, आणि ज्यानं जपली त्यानंच काढावी.

काळुरामच्या हातात कुऱ्हाड दिली. वेल नव्या पालवीवर होती. पहिला घाव बसला तसं खोडातून पाणी ठिबकायला लागलं. तोडून झाल्यावरही ते थांबलं नाही. बुंध्याच्या टोकाशी एकेक थेंब जमायचा आणि गळायचा. मग कुदळीनं मूळ उकरलं. ते विहिरीच्या दगडांत इतकं खोल गेलं होतं, की काढताना विहिरीचे दोन दगड ढासळले. लोकांनी मिठागरावरून मिठाच्या टोपल्या आणून खड्ड्यात ओतल्या. धाकूही एक टोपली घेऊन आला होता. काळुरामनं ते पाहिलं.

दारूबंदीखाली त्याला वर्षभराची सजा झाली. ठाण्याच्या तुरुंगात त्यानं बागकाम केलं, भाजीचे वाफे काढले. कुणाशी फारसं बोलला नाही. सखुबाई दोनदा भेटायला आली आणि दोन्ही वेळा घरचं बरं आहे एवढंच म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरून ते खरं वाटत नव्हतं, पण त्यानं खोदून विचारलं नाही. आपण विचारायचा हक्क घालवला आहे असं त्याला वाटे.

सुटला त्या सकाळी तो स्टेशनाकडे न जाता टेंभी नाक्यावरून तलावाकडे उतरला. पास्कूबाबा ओसरीवर होते. वर्षभरात माणूस निम्मा झाला होता. त्यांनी ओळखलं, पण बस म्हटलं नाही. मग तेच बोलले.

"आली तुझी बातमी इथपर्यंत. सगळ्या ख्रिस्ती घरांत एकच बोलणं, की पास्कूच्या वाईनच्या वेलीत विष होतं. माझी सून घाबरली. घरात लहान मुलं. ती शेवटची बरणी होती ना माझी, ती तिनं गटारात ओतली. मी तिथंच उभा होतो. मी अडवलं नाही."

काळुराम पायरीवर टेकला.

"माझ्या आजोबांनी तिची वाईन प्याली, बापानं प्याली. माझ्या लग्नात हीच होती. माझी बायको वारली त्या दिवशी पाद्र्याच्या हातात हीच होती. साठ वर्षं मी तिला ओळखतो, काळू, आणि एका दिवसात मी तिच्यावर संशय घेतला. का? तर तू बोललास म्हणून. दुसरा कोणी बोलला असता तर मी त्याला शिव्या दिल्या असत्या." म्हाताऱ्यानं मान वर केली. "खरं सांग. तिच्यात होतं विष?"

काळुरामनं मान हलवली. नाही.

"मग कुणात होतं?"

"बाबा, एक काडी पन नाय उरली," काळुराम म्हणाला. "मुलात मीठ घातलाय."

"ते नाही विचारलं मी."

काळुराम उठला. पास्कूबाबांनी त्याला हाक मारली नाही.

तो डोंबिवलीला उतरून चालत पाड्यावर पोचला तेव्हा उन्हं कलली होती. घराच्या ओसरीवर एक माणूस भिंतीला टेकून बसला होता. पावलांचा आवाज आला तसा त्यानं तोंड फिरवलं, पण थोडं चुकीच्या बाजूला.

"कोन? मामा आले का?"

तो महिपत होता. त्याचे डोळे उघडे, नितळ, आणि रिकामे होते. शालू पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, बापाला बघून जागीच थांबली. तिच्या कडेवर लहान मूल होतं. काळुरामला नात झाल्याचंही कुणी कळवलं नव्हतं.

"डोल्यांना कवा झाला ह्या?" त्यानं विचारलं.

"शिमग्याला," शालू म्हणाली. "आयला मीच बोललेली, बाबांना सांगू नको."

हळूहळू सगळं बाहेर आलं. धाकूनं पाडा सोडून आंबिवलीच्या पुढे ओढ्याकाठी भट्टी घातली होती. फिरंगीण नव्हती म्हणून तो जांभळाचा रस आणि कसला तरी रंग घालायचा. बाकी स्पिरिटचं पिंप तेच. महिपत त्याच्या दारूच्या रबरी पिशव्या गाडीतून, गवताखाली लपवून पोचवायचा. आणि एक दिवस त्यानंही प्याली.

"तुला भेव नाय वाटला?" काळुराम म्हणाला. "भिवाचा झाला ते म्हाईत असून?"

महिपतनं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच काळुरामला जास्त लागलं.

"भेव कशाचा, मामा? विख येलीत व्हता. तुमीच बोललाव ना फौजदाराला? येल काढली, मंग आथा काय व्हतंय, असा मी धरून चाललो. सगल्यांनीच धरला व्हता."

काळुराम ओसरीच्या पायरीवर बसला. आतून सखुबाई बाहेर आली आणि तिनं शालूच्या हातातला तांब्या घेऊन त्याच्यापुढे ठेवला. कोपऱ्यात ठमाबाई डोक्यावरून पदर ओढून बसली होती. शालूचं मूल रडलं, शांत झालं, पुन्हा रडलं. मग तो उठून शेजारच्या घरी गेला.

शेवंती अंगणात भात पाखडत होती. भिवा गेल्यापासून ती लोकांच्या शेतावर जायची. काळुरामला पाहून तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"वयनी," काळुराम म्हणाला, "भिवाला येलीनं नाय मारला."

सूप थांबलं.

"स्पिरिट व्हता. पालिशचा. धाकूनं घातलेला. मना त्याच दिवशी कलला व्हता. फौजदार यायच्या आधी. मी खोटा बोललो."

शेवंतीनं सूप खाली ठेवलं. तिला रडू येईल असं त्याला वाटलं होतं, पण तसं झालं नाही. ती हळू म्हणाली, "मी त्या खड्ड्यात मीठ ओतला. माझ्या हातानं. वर्सभर मी त्या खड्ड्यावर थुकत आलंय, भावजी. आन तुजा भाव पाड्यात आला का माझ्या दारावरनं जायाचा, मना बोलायचा, वयनी, काय लागला तर सांग. मी त्याला च्या देयाची."

"माफ कर."

"ते नको मागू." ती उभी राहिली. "आथा सांगून माजा मानूस परत येतंय? जवायाचे डोले गेले तवा तुना आठवला. नसते गेले तर?"

काळुरामनं त्यावर खोटं बोलायचं नाही असं ठरवलं. "नसते गेले तर कं केला असता, मना म्हाईत नाय," तो म्हणाला.

शेवंतीनं पदर खोचला, दाराला कडी घातली. "चल."

"कुठं?"

"चौकीवर. मना सांगलास तसा तिथं सांग. माझ्या समोर सांग."

ती पुढे आणि तो मागे, असे ते कल्याणच्या रस्त्यानं गेले. वाटेत ती एकदाही मागे वळली नाही.

फौजदार नवा होता. त्यानं काळुरामला सगळं दोनदा बोलायला लावलं. वर्षापूर्वी खोटं सांगितल्याबद्दल पुन्हा आत जावं लागेल म्हणाला. काळुराम म्हणाला, "जातंय." तिसऱ्या दिवशी आंबिवलीच्या पुढे ओढ्याकाठी छापा पडला. या वेळी पिंप सापडलं आणि ते तपासायला मुंबईला गेलं. धाकूला दोरी लावून स्टेशनाकडे नेत होते तेव्हा काळुराम वाटेवर उभा होता.

धाकू त्याला बघून थांबला. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच गोंधळ होता.

"दादूस, विख येलीतच व्हता ना? तूच बोललास. मना पन तसाच वाटायला लागला व्हता."

शिपायानं दोरी ओढली.

धाकूला बरीच वर्षं सजा झाली. काळुरामलाही सहा महिने पुन्हा मिळाले, ते त्यानं भोगले. महिपतला दिसायला लागलं नाही. शालू त्याला घेऊन आंबिवलीला परत गेली आणि त्याच्या बैलगाड्या तिनं स्वतः हाकायला घेतल्या. सासरच्यांनी आधी नावं ठेवली, नंतर गप्प बसले. पास्कूबाबांना काळुरामनं खरं काय ते सांगणारा निरोप पाठवला होता, पण माणूस पोचेपर्यंत ते वारले होते आणि घरात त्यांच्यासाठी प्रार्थना चालू होती. सुनेनं निरोप ऐकून घेतला आणि दार लावलं.

ठमाबाई काळुरामशी बोलेनाशी झाली. त्याच्यासमोर ती जेवत नसे, घास मागायचा तर सखुबाईला हाक मारायची, आणि सखुबाई शेतावर असली तर उपाशी बसायची. मग काळुराम समोर ताट ठेवायचा आणि बाहेर जाऊन उभा राहायचा, म्हणजे तिला जेवता यावं. अशी ती चार वर्षं जगली. शेवटच्या दुखण्यात तिनं एकदाच त्याचा हात धरला आणि त्याला "धाकू" म्हणाली. काळुरामनं "हां, आये" म्हटलं, आणि तिचे डोळे मिटेपर्यंत तो हात सोडवून घेतला नाही.